पाय कुठे ठेवायचा

जोडे काढा, मी सांगतो सगळ्यांना.
पाद्री गेब्रू सांगतात, देवाचं भय धरा, म्हणून काढा.
मी सांगतो, खडक गुळगुळीत आहे, म्हणून काढा.
एकवीस वर्षं आम्ही दोघं
एकच गोष्ट सांगतोय बहुतेक.

माझं काम कड्याच्या बुडाशी.
वर, दोनशे हात वर, खडकाच्या पोटात कोरलेलं चर्च.
मधे खाचा, कुणी पाडल्या कुणास ठाऊक,
बोटांनी आणि टाचांनी झिजून बशीएवढ्या झालेल्या.
मी लोकांचे घोटे धरतो,
एकेक पाऊल उचलून खाचेत बसवतो:
इथे. आता डावा. खाली बघू नकोस.

खाली बघितलं तर टिग्रायची टेफची शेतं,
आणि मधोमध एक पांढरा दगड.
तिथे हादूश पडला. माझा भाऊ.
ईस्टरची पहाट होती, हातात मेणबत्त्यांची जुडी.
मातीला आलेले लोक कुजबुजले,
काहीतरी पाप असणार; देव उगीच कुणाला ढकलत नाही.
मी बारा वर्षांचा.
हादूशचं पाप शोधत बसलो कितीतरी दिवस.
एक चोरलेलं लिंबू सापडलं, आणि एक खोटी शपथ,
तीही माझ्यासाठी घेतलेली.

त्यानंतर भिंतीवरच्या चित्रांकडे मी बघेना.
आमच्याकडे पाप्यांना एकच डोळा काढतात, बाजूने.
संतांना दोन.
लहानपणी पाण्यात वाकून मी माझे डोळे मोजायचो.
मोठा झालो, मोजणं सोडलं. भयही सोडलं.
माकडासारखा चढायचो, शीळ घालत.
लोक म्हणायचे, बेराखीची श्रद्धा बघा.
श्रद्धा कसली, राग होता तो.
ढकल की, म्हणायचो मनात. ढकलून दाखव.

परवा लेतेमिकाएल आली.
घोटा सुजलेला, कापडात ऐंशी दिवसांची मुलगी.
ऐंशीव्या दिवशीच बाप्तिस्मा व्हायला हवा, म्हणाली,
आणि मला न विचारता
पोर माझ्या पाठीला बांधली,
बकरीच्या कातड्याच्या पट्ट्याने.
गाठ दोनदा ओढून बघितली.
मग माझ्या तोंडाकडे बघितलं,
गाठीकडे बघितलं होतं तसंच.

पहिल्या खाचेत पाय ठेवला आणि
गुडघे लटपटले.
शीळ ओठांवर सुकली.
पाठीवर एक श्वास, चिमणीएवढा.
मानेवर दूध ओकली, ते ओघळत सदऱ्यात गेलं.
मी एकेका खाचेला हात लावून विचारत होतो, आहेस ना?
खडक तोच. दरी तीच. वारा तर नव्हताच.
कुणी ढकलेल याची भीती नव्हती ही.
कुणीतरी काहीतरी माझ्या हवाली केलं होतं,
दोनदा गाठ ओढून.

अर्ध्यावर हादूश आठवला.
सापडला तेव्हा जुडी छातीशी घट्ट होती,
फक्त दोन मेणबत्त्या मोडलेल्या.
हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.
आजवर वाटायचं, वेडा, सोडून द्यायच्या ना,
दोन्ही हात मोकळे हवेत चढताना.

वर पाद्री गेब्रूंनी पोर सोडवली, पाण्यात बुडवली.
ती किंचाळली, कबुतरं उडाली.
नाव ठेवलं. मी नीट ऐकलं नाही.
मी भिंतीपाशी उभा होतो,
तिथे तो, दोन डोळ्यांचा.
माझे हात अजून थरथरत होते.
तुझेही थरथरतात का रे, मी विचारलं,
आम्हाला उचलताना?

उत्तर आलं नाही.
भिंतीचे पोपडे सुटताहेत, यंदा ओल फार.

खाली उतरलो तर रांग उभी.
जोडे काढा, म्हणालो,
आणि पहिल्याचा घोटा धरला, नेहमीपेक्षा जरा घट्ट.
तो म्हणाला, दुखतंय.